‘कुठचे गावकर?’ : मॅस्टोडॉन आणि ब्लूस्कायच्या खात्याने आपल्या वेब ॲपमध्ये लॉगिन

गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत जत्रेला, कालोत्सवाला गावातल्याच माणसांनी मराठी नाटक बसवायची रीत आहे. कुठल्या देवळाच्या मांडवात कुठल्या रात्री कोणते नाटक, हे एका जागी कळावे म्हणून मी एक छोटे वेब ॲप चालवते. मंडळाने लॉगिन करायचे, तारीख, वेळ, नाटकाचे नाव भरायचे, एवढेच काम. ॲप लिहायला सोपे गेले, लॉगिनने मात्र दमवले. कारण ही मंडळी वर्षातून एकदाच येतात. पासवर्ड आठवत नाही, फोन बदललेला असतो, आणि ज्यांच्या नंबरवर ओटीपी जातो ते सचिव बोटीवर नोकरीला गेलेले असतात.

मग मी एका मोठ्या कंपनीच्या खात्याने लॉगिन करायचे बटण लावले. दोन वर्षे बरे चालले. तिसऱ्या वर्षी एका मंडळाचे ते खातेच कंपनीने बंद केले. का, ते शेवटपर्यंत कळले नाही. खाते गेले त्याबरोबर माझ्या ॲपमधली त्यांची सगळी जुनी नोंदही कुलूपबंद झाली. मी डेटाबेसमध्ये हाताने दुरुस्ती करून दिली, पण त्या दिवसापासून एक गोष्ट मनात पक्की बसली: माणसाची ओळख एकाच कंपनीच्या दारातून येऊ नये. मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय या विकेंद्रित, म्हणजे एकाच कंपनीच्या सर्व्हरवर न अडणाऱ्या, सोशल नेटवर्कच्या खात्याने लॉगिन द्यायला मी त्यानंतर सुरुवात केली. ते कसे केले, कुठे चुकले, ते पहिल्यांदाच हे करणाऱ्यांसाठी इथे क्रमाने लिहिते आहे. तुम्हाला कोणत्याही भाषेत साधे वेब ॲप लिहिता येते, सेशन आणि डेटाबेस म्हणजे काय ते ठाऊक आहे, एवढे धरून चालते. पत्ते आणि पॅरामीटरची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये अर्थात मूळ स्पेलिंग लागेल.

एक आधीच सांगते. गावातल्या सगळ्यांची मॅस्टोडॉनवर खाती नाहीत. म्हणून हे दार एकमेव ठेवू नका, ईमेलवर लिंक पाठवण्याचे साधे दार शेजारी असू द्या.

आधी चित्र डोळ्यांसमोर आणा

गोव्यात कुणी ‘मी गावकर’ म्हणाले की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘कुठचे गावकर?’ गावकर, नाईक, परब ही आडनावे गावोगाव आहेत. नुसत्या नावाने माणूस ओळखू येत नाही, नावाला गाव जोडावे लागते. मॅस्टोडॉनचा पत्ता नेमका तसाच असतो: आधी ॲट-चिन्ह आणि नाव, मग पुन्हा ॲट-चिन्ह आणि सर्व्हरचे डोमेन. ‘गावकर’ नावाचे खाते शंभर सर्व्हरांवर शंभर वेगळ्या माणसांचे असू शकते.

नेहमीच्या ‘अमक्या कंपनीने लॉगिन’ बटणात गाव एकच असते. तुम्ही त्या कंपनीकडे एकदा ॲपची नोंदणी करता, क्लायंट आयडी, म्हणजे तुमच्या ॲपची ओळखखूण, मिळतो, आणि तो कायमचा वापरता. इथे सर्व्हर हजारो, आणि उद्या कुणी नवा उभा करील तो तुम्हाला आज माहीत असणे शक्य नाही. त्यामुळे तुमच्या ॲपला दोन जादा कामे शिकावी लागतात. आलेल्या माणसाला त्याचे गाव विचारायचे, आणि त्या गावाशी आयत्या वेळी ओळख करून घ्यायची.

नवख्यांचा एक गैरसमज हमखास होतो, माझाही झाला होता. मॅस्टोडॉन ज्यावर चालते तो ॲक्टिव्हिटीपब हा प्रोटोकॉल २०१८च्या जानेवारीत डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने शिफारस म्हणून जाहीर केला. वाटते की लॉगिनची सोयही त्यातच असेल. तशी ती नाही. ॲक्टिव्हिटीपब म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना पोस्ट कशा पोचवायच्या त्याची रीत. माणूस कोण हे सिद्ध करायचे काम मॅस्टोडॉनच्या स्वतःच्या एपीआयमधून, ओऑथ २.० वापरून होते. ओऑथ म्हणजे आपला पासवर्ड न सांगता दुसऱ्या ॲपला मोजकी परवानगी देण्याची रीत. मॅस्टोडॉन २०१६ मध्ये ऑयगेन रोखको यांनी सुरू केले, आणि पुढे प्लेरोमा, अकोमा, गो-टू-सोशल, पिक्सेलफेड या दुसऱ्या सर्व्हर-प्रणालींनीही त्याच्यासारखाच एपीआय दिला. म्हणून मॅस्टोडॉनसाठी लिहिलेले कोड यांतल्या बहुतेक सर्व्हरांवर थोडे सांभाळून घेतले की चालते. मिस्की या आणखी एका प्रणालीची रीत निराळी आहे, ती सुरुवातीला सोडून द्या. ब्लूस्कायचा एटी प्रोटोकॉल तर पूर्ण वेगळा, त्याकडे शेवटी येते.

पहिली पायरी: गाव विचारणारा रकाना

लॉगिनच्या पानावर मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय यांची दोन वेगळी बटणे ठेवा. मी आधी एकच रकाना ठेवून ‘ओळखून घेऊ’ असा बेत केला होता. तो फसला, कारण ब्लूस्कायचे हँडल, म्हणजे खात्याचे नाव, हेही दिसायला डोमेनच असते. कुणी नुसते डोमेन टाकले तर ते मॅस्टोडॉनच्या सर्व्हरचे की ब्लूस्कायचे हँडल, हे बघून सांगता येत नाही.

मॅस्टोडॉनच्या रकान्यात लोक काय काय टाकतात ते बघून मी थक्क झाले. कुणी पूर्ण पत्ता टाकतो, कुणी पहिले ॲट-चिन्ह गाळतो, कुणी प्रोफाइलची अख्खी लिंक चिकटवतो, कुणी नुसते सर्व्हरचे नाव. हे सगळे स्वीकारा आणि त्यातून डोमेन काढून घ्या. फोनचा कीबोर्ड पहिले अक्षर मोठे करतो आणि शेवटी मोकळी जागा सोडतो, तेव्हा सगळे लहान लिपीत आणा, कडेच्या जागा छाटा. कॉपी केलेल्या मजकुरात डोळ्यांना न दिसणारी दिशादर्शक चिन्हे येतात, तीही काढा. डोमेन देवनागरीत असू शकते, .भारत हे डोमेन आहेच, म्हणून ते प्युनिकोडमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांतल्या रूपात, बदलून मगच पुढे न्या. आणि कुणी आपला नेहमीचा ईमेल टाकला, तर ‘चुकीचा इनपुट’ असे तोडून न टाकता ‘हा ईमेल दिसतो, ईमेलने यायचे असेल तर खालचे बटण’ असे सांगा. मंडळाचे सत्तरीतले खजिनदार तुमच्या चुकीच्या संदेशावरून परत फिरले तर ते पुन्हा येत नाहीत.

अजून एक बारकावा. काही जण आपला पत्ता मुख्य डोमेनवर ठेवतात आणि मॅस्टोडॉन मात्र त्याच्या उपडोमेनवर चालवतात. अशा वेळी पत्त्यातल्या डोमेनवर एपीआय सापडत नाही. पूर्ण पत्ता हातात असेल तर वेबफिंगरला विचारा. आरएफसी ७०३३ मधली ही सोय ‘हा पत्ता प्रत्यक्षात कुठल्या सर्व्हरवर राहतो’ याचे उत्तर देते. उत्तरातल्या ‘सेल्फ’ दुव्याचा होस्ट हा तुमच्या कामाचा सर्व्हर.

दुसरी पायरी: अनोळखी दारावर जाण्याआधी

ही पायरी बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकतात. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. जरा विचार करा: कुणीही अनोळखी माणूस तुमच्या रकान्यात एक पत्ता टाकतो आणि तुमचा सर्व्हर मुकाट्याने त्या पत्त्यावर विनंती पाठवतो. पत्ता भाड्याच्या क्लाउड सर्व्हरच्या आतला असेल तर? १६९.२५४.१६९.२५४ या आयपीवर कित्येक क्लाउड कंपन्या सर्व्हरची अंतर्गत माहिती ठेवतात, कधी कधी त्यात किल्ल्याही असतात. १२७.०.०.१ म्हणजे तुमचेच यंत्र, तिथे कदाचित तुमचा डेटाबेस ऐकत बसलेला आहे. बाहेरच्या माणसाला जिथे हात घालता येत नाही, तिथे तो तुमचा हात धरून घालतो. या हल्ल्याला एसएसआरएफ म्हणतात.

उपाय सांगते. फक्त एचटीटीपीएस, फक्त ४४३ पोर्ट. रकान्यात डोमेनऐवजी आयपी आला तर नकार. डोमेनचा आयपी आधी स्वतः शोधा, तो खासगी, लूपबॅक म्हणजे स्वतःच्याच यंत्राचा, किंवा लिंक-लोकल म्हणजे त्याच जाळ्यापुरता, अशा गटातला नाही हे तपासा, आयपीव्ही६ सकट. मग जोडणी त्याच तपासलेल्या आयपीशी करा. तपासताना एक आयपी आणि जोडताना दुसरा, अशी फसवणूक डीएनएसमधून सहज करता येते, म्हणून हा आग्रह. रीडायरेक्ट आपोआप पाळू नका. पाळायचेच असेल, आणि वेबफिंगरला ते बऱ्याचदा पाळावे लागते, तर प्रत्येक नव्या पत्त्यावर हीच तपासणी पुन्हा. पाच सेकंदांत उत्तर नाही तर सोडून द्या, आणि उत्तराच्या आकाराला मर्यादा घाला. तुमच्या भाषेत हे सगळे करणारी तयार लायब्ररी असेल तर तीच घ्या, पण ती रीडायरेक्टनंतरही तपासते का, ते एकदा स्वतः करून बघा.

विनंतीच्या यूझर-एजंटमध्ये तुमच्या ॲपचे नाव आणि संकेतस्थळ लिहा. हे सर्व्हर बहुधा स्वयंसेवक आपल्या खिशातून चालवतात. कोण दार ठोठावते आहे, हे त्यांना कळायला हवे.

तिसरी पायरी: त्या सर्व्हरवर आपल्या ॲपची नोंद

आता सर्व्हरच्या ‘एपीआय / व्ही१ / ॲप्स’ या पत्त्यावर पोस्ट विनंती करा. सोबत चार गोष्टी: ॲपचे नाव, परत येण्याचा पत्ता, हवे असलेले स्कोप म्हणजे परवानग्या, आणि तुमचे संकेतस्थळ. उत्तरात क्लायंट आयडी आणि क्लायंट सीक्रेट लगेच मिळतात. अर्ज, मंजुरी, वाट पाहणे काही नाही.

ही जोडी त्या एकाच सर्व्हरवर चालते, दुसरीकडे नाही. म्हणून डेटाबेसमध्ये एक छोटे टेबल करा: डोमेन, क्लायंट आयडी, क्लायंट सीक्रेट, कोणते स्कोप मागितले. डोमेनवर युनिक बंधन घाला. एकाच नव्या सर्व्हरवरचे दोघे एकाच क्षणी आले तर दोन नोंदी होऊन गोंधळ होतो, बंधन असले की दुसरी नोंद अडते आणि तुम्ही पहिलीच वापरता. सीक्रेट हे पासवर्डइतकेच जपायचे. ते ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये कधीही जाऊ देऊ नका.

स्कोपचे थोडे सविस्तर. तुम्हाला फक्त ‘हा कोण’ एवढेच जाणून घ्यायचे आहे. मॅस्टोडॉनच्या ४.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०२४च्या ऑक्टोबरपासून, त्यासाठी ‘प्रोफाइल’ नावाचा नेमका स्कोप आला. त्याने स्वतःची ओळख सांगण्यापलीकडे काही उघडत नाही. जुन्या सर्व्हरांना तो ठाऊक नाही, तिथे ‘रीड:अकाउंट्स’ मागा. सर्व्हर नवा की जुना हे कळायला ‘.वेल-नोन’ खालचा ‘ओऑथ-ऑथरायझेशन-सर्व्हर’ हा पत्ता वाचा. त्यात चालणाऱ्या स्कोपची यादी असते, आणि पत्ताच नसेल तर सर्व्हर जुना समजा. ‘राइट’ किंवा ‘फॉलो’ मात्र ‘पुढे लागेल’ म्हणून मागून ठेवू नका. परवानगीच्या पानावर ‘हे ॲप तुमच्या नावाने पोस्ट करू शकेल’ असे वाचून शहाणा माणूस मागे फिरतो, आणि त्याचे बरोबर असते.

नोंद जुनी झाली तर काय? सर्व्हर नव्याने उभारला गेला की तुमची नोंद नाहीशी होते, आणि तुम्हाला कुणी कळवत नाही. त्रास असा की चूक तुमच्या पानावर दिसतच नाही, माणूस आपल्या सर्व्हरवर जाऊन तिथे ‘अवैध क्लायंट’ वाचतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. म्हणून माणसाला पाठवण्याआधी, नोंद बऱ्याच दिवसांत वापरली नसेल तर, ‘क्लायंट क्रेडेन्शियल्स’ प्रकाराने, म्हणजे नुसत्या ॲपच्या आयडी आणि सीक्रेटवर, एक टोकन (परवानगीची चावी) मागून बघा. नकार आला की नवी नोंदणी. वर्षातून एकदा येणाऱ्या लोकांसाठी ही तपासणी फारच कामाला आली.

चौथी पायरी: पाठवणे आणि परत घेणे

ब्राउझरला त्या सर्व्हरच्या ‘ओऑथ / ऑथराइझ’ पत्त्यावर न्या. सोबत रिस्पॉन्स टाइप ‘कोड’, क्लायंट आयडी, परतीचा पत्ता, स्कोप आणि स्टेट. माणसाने होकार दिला की सर्व्हर त्याला एक कोड देऊन परत पाठवतो, आणि तो कोड देऊन तुम्ही टोकन घेता. परतीचा पत्ता नोंदणीत दिला होता तस्साच हवा. शेवटच्या तिरक्या रेघेचाही फरक चालत नाही.

स्टेट म्हणजे दर वेळी नवी, अंदाज करता न येणारी एक लांब अक्षरमाळ. ती सेशनमध्ये ठेवा आणि तिच्याबरोबर हा माणूस कुठल्या सर्व्हरवर पाठवला तेही लिहून ठेवा. परत आल्यावर स्टेट जुळली तरच पुढे जायचे, आणि कोड बदलून घ्यायला लिहून ठेवलेल्या सर्व्हरकडेच जायचे. परतीच्या लिंकमध्ये कुणी डोमेन घुसडले असेल तर त्यावर विसंबायचे नाही. सर्व्हर पीकेसीई, म्हणजे चोरलेला कोड दुसऱ्याला वापरता येऊ नये म्हणूनची सोय, मानत असेल, मॅस्टोडॉन ४.३ पासून मानते, तर तेही लावा: पाठवताना गुपिताचा एसएचए-२५६ ठसा द्यायचा, कोड बदलताना मूळ गुपित.

इथे एक कुकीचा घोळ आहे, त्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. सुरक्षेसाठी मी सेशन कुकीला ‘सेमसाइट स्ट्रिक्ट’ लावले होते. माणूस दुसऱ्या संकेतस्थळावरून परत येतो तेव्हा ब्राउझर अशी कुकी पाठवतच नाही, सेशन रिकामे दिसते, स्टेट जुळत नाही. ‘लॅक्स’ ठेवा. तसाच दुसरा प्रकार: काही ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये लिंक उघडते, लॉगिन तिथे सुरू होते आणि फोन ते भलत्याच ब्राउझरमध्ये संपवतो. स्टेट जुळत नसेल तर ‘हे पान क्रोम किंवा तुमच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडा’ असे स्पष्ट मराठीत सांगा.

कोड मिळाला की तुमच्या सर्व्हरवरून त्यांच्या ‘ओऑथ / टोकन’ पत्त्यावर पोस्ट विनंती करून ॲक्सेस टोकन घ्या. माणसाने ‘नाही’ म्हटले तर कोडऐवजी एरर येतो. तो गुन्हा नाही, शांतपणे लॉगिनच्या पानावर परत न्या.

पाचवी पायरी: आलेला नेमका कोण

टोकन घेऊन ‘एपीआय / व्ही१ / अकाउंट्स / व्हेरिफाय क्रेडेन्शियल्स’ विचारा. उत्तरात आयडी, यूझरनेम, दाखवायचे नाव, फोटो वगैरे येते. ईमेल येत नाही. त्यामुळे ‘ईमेल जुळला की जुने खाते जोडू’ हा मार्ग इथे नाही, आणि नाही हेच बरे.

पहिल्या आवृत्तीत मी डेटाबेसमध्ये नुसते यूझरनेम ठेवले होते. चाचणीत सगळे ठीक, कारण चाचणीतली खाती सगळी एकाच सर्व्हरवरची. मग खरोखरच दोन गावकर आले, एक पेडण्याच्या मंडळाचे, एक सत्तरीच्या, दोघे वेगवेगळ्या सर्व्हरांवर, यूझरनेम एकच. सत्तरीचे गावकर लॉगिन झाले ते थेट पेडण्याच्या मंडळाच्या पानावर, आणि त्यांनी सद्भावनेने तिथली ‘चुकीची’ तारीख दुरुस्त केली. नशिबाने फोन आला आणि त्याच संध्याकाळी सुधारले. आपल्याकडे ‘कुठचे गावकर?’ हा प्रश्न लहान मुलालाही सुचतो, तो मी कोडमध्ये विचारायला विसरले.

तर ओळख ठरवायची ती दोन गोष्टींच्या जोडीवरून: तुम्ही ज्या सर्व्हरशी बोललात त्याचे डोमेन आणि त्याने दिलेला आयडी. यूझरनेम फक्त दाखवायला. आयडी अठरा-अठरा आकड्यांचा असू शकतो आणि मजकूर म्हणून येतो, तो मजकूर म्हणूनच ठेवा. जावास्क्रिप्टमध्ये त्याचा अंक केलात तर शेवटचे आकडे बदलतात आणि एकाचा आयडी दुसऱ्याचा होऊन बसतो.

आणि डोमेन ‘तुम्ही ज्याच्याशी बोललात त्याचे’ हे शब्द मी मोजून वापरले आहेत. उत्तराच्या आत ‘मी अमुक प्रसिद्ध सर्व्हरवरचा तमुक’ असे लिहिलेले असू शकते, कारण सर्व्हर कुणीही उभा करू शकतो आणि त्यात काहीही लिहू शकतो. पेडण्याच्या पंचांनी पेडण्याच्या माणसाची खात्री द्यावी, सत्तरीच्या माणसाची त्यांनी दिलेली खात्री आपण घेत नाही. पत्ता आणि सर्व्हर वेगळ्या डोमेनवर असण्याचा जो प्रकार वर सांगितला, तिथेही पत्ता दाखवण्याआधी वेबफिंगरने उलट दिशेने खात्री करा की तो पत्ता याच सर्व्हरकडे बोट दाखवतो.

सहावी पायरी: टोकन परत करा

ओळख पटली, आपले सेशन सुरू झाले, आता टोकनचे काम संपले. मॅस्टोडॉनचे टोकन आपोआप कालबाह्य होत नाही. ते डेटाबेसमध्ये पडून राहिले आणि उद्या डेटाबेस फुटला, तर चोराच्या हाती लोकांच्या खात्यांच्या चाव्या जातील. ‘ओऑथ / रिव्होक’ला ते देऊन लगेच रद्द करा. लॉगिन झाल्यावर सेशनचा आयडी नवा करायलाही विसरू नका. देशात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण कायदा नसता तरी जे लागत नाही ते ठेवू नये असेच मी म्हटले असते.

ब्लूस्कायचे दार

इथे गणित उलटे आहे. एटी प्रोटोकॉलमध्ये माणसाला डीआयडी नावाचा कायमचा ओळखक्रमांक असतो. हँडल बदलले, डेटा ठेवणारा सर्व्हर बदलला, तरी डीआयडी तोच राहतो. माणूस पेडण्याहून मडगावला राहायला गेला तरी माणूस तोच, तसे. म्हणून डेटाबेसमध्ये डीआयडी ठेवा, हँडल नव्हे.

शोधायचा क्रम असा. हँडलवरून डीआयडी मिळतो, एक तर डीएनएसच्या टीएक्सटी नोंदीतून किंवा त्या डोमेनच्या ‘.वेल-नोन’ खालच्या ‘एटीप्रोटो-डीआयडी’ फाइलमधून. डीआयडीवरून त्याचा दस्तऐवज मिळतो, त्यात त्या माणसाचा डेटा सर्व्हर लिहिलेला असतो आणि हँडलही. ते हँडल टाकलेल्या हँडलशी जुळले पाहिजे, दोन्ही बाजूंनी होकार हवा. डेटा सर्व्हर सांगतो की लॉगिन कुठल्या ऑथरायझेशन सर्व्हरवर करायचे. दुसऱ्या पायरीतली सगळी सावधगिरी या प्रत्येक विनंतीला लागू आहे.

नोंदणी मात्र कुठेच करायची नाही, आणि हे मला फार आवडले. तुमचा क्लायंट आयडी म्हणजे तुमच्याच संकेतस्थळावरच्या एका जेसन फाइलचा पत्ता. त्या फाइलमध्ये ॲपचे नाव, परतीचे पत्ते, स्कोप लिहिलेले असतात, आणि कुठलाही सर्व्हर ती येऊन वाचतो. नुसत्या लॉगिनला ‘एटीप्रोटो’ हा एकच स्कोप पुरतो.

पुढचा भाग कडक आहे. पीकेसीई सक्तीचे, विनंती आधीच सर्व्हरकडे जमा करण्याची पीएआर ही रीत सक्तीची, आणि टोकनला तुमच्या किल्लीशी बांधणारे डीपॉपही सक्तीचे, त्यात सर्व्हरने वेळोवेळी दिलेला नॉन्स, म्हणजे बदलती अक्षरमाळ, वापरून. हे हाताने लिहू नका. मी हौसेने सुरू केले आणि तिसऱ्या दिवशी सोडले. नोड वापरत असाल तर एटी प्रोटोकॉलच्या मूळ प्रकल्पाचीच ओऑथ क्लायंट लायब्ररी आहे. तिला तुमच्याकडून मुख्यतः दोन साठवणी लागतात, चालू लॉगिनसाठी एक आणि झालेल्या सेशनसाठी एक. तुमची लायब्ररी कुठलीही असो, दोन तपासण्या ती करते का ते बघा: परतीच्या पत्त्यातला ‘इश्युअर’, म्हणजे लॉगिन देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता, तुम्ही माणसाला पाठवले त्याच सर्व्हरचा आहे, आणि टोकनबरोबर आलेला डीआयडी खरोखर त्याच सर्व्हरकडे नेतो. दुसरी तपासणी नसेल तर कुणीही स्वतःचा सर्व्हर उभारून दुसऱ्याच्या डीआयडीने आत येईल.

स्वतःच्या यंत्रावर चाचणी करताना परतीच्या पत्त्यात लोकलहोस्ट शब्द न लिहिता १२७.०.०.१ लिहावे लागते. ब्राउझरमध्येही ॲप त्याच पत्त्याने उघडा, नाहीतर कुकी सापडत नाही.

माणूस वेगळा, मंडळ वेगळे

लॉगिन माणसाचे असते, नोंदी मंडळाच्या. सुरुवातीला मी दोन्ही एकच धरले होते, आणि बोटीवर गेलेल्या सचिवांनी ते चूक असल्याचे दाखवून दिले. आता तीन टेबले आहेत: मंडळे, माणसे, आणि माणसाच्या ओळखी. एका माणसाला दोन-तीन ओळखी जोडता येतात: मॅस्टोडॉन, ब्लूस्काय, ईमेल. मंडळाला किमान दोन माणसे असल्याशिवाय मी ‘नोंदणी पूर्ण’ दाखवत नाही. नवी ओळख जोडताना माणूस आधी जुन्या ओळखीने आत आलेला हवा. नाव सारखे दिसते म्हणून आपोआप जोडणे कटाक्षाने टाळा. शेवटची उरलेली ओळख काढू देऊ नका.

याची गरज मॅस्टोडॉनला जास्त. छोटा सर्व्हर बंद पडतो, चालवणारा थकतो. खाते दुसऱ्या सर्व्हरवर हलवले तर अनुयायी पाठोपाठ येतात, पण तुमच्या ॲपला तो नवाच माणूस दिसतो. आणि सर्व्हरचे डोमेन कुणी नूतनीकरण न केल्याने सुटले आणि भलत्याने घेतले, तर तो जुन्या आयडीची खाती पुन्हा मांडू शकतो. म्हणून एखादा सर्व्हर बराच काळ बंद होता आणि मग अचानक त्याच्यावरून लॉगिन आले, तर मी दुसऱ्या ओळखीची खूण मागते.

खुले करण्याआधी

किमान दोन वेगळ्या मॅस्टोडॉन सर्व्हरांवर एकच यूझरनेम घेऊन बघा, माझी चूक तिथेच सापडली असती. एक जुन्या आवृत्तीचा किंवा गो-टू-सोशलचा सर्व्हर घ्या. रकान्यात १२७.०.०.१ टाका, स्वतःच्या डोमेनवरून खासगी आयपीकडे रीडायरेक्ट लावून ते टाका, दोन्हींना नकार आलाच पाहिजे. परवानगीच्या पानावर ‘नाही’ म्हणा. स्टेट बदलून परतीची लिंक उघडा. साठवलेला क्लायंट आयडी मुद्दाम बिघडवून नवी नोंदणी आपोआप होते का पाहा. लॉगिननंतर टोकन रद्द झाले का, ते त्याच टोकनने पुन्हा विचारून बघा. ब्लूस्कायचे हँडल बदलून पुन्हा या, खाते तेच उघडले पाहिजे.

मग एखाद्या मंडळाच्या माणसाच्या हातात फोन द्या आणि काही न सांगता शेजारी बसा. हे कार्तिक सुरू व्हायच्या आधी उरका. एकदा जत्रा लागल्या की रोज रात्री कुठे ना कुठे पडदा उघडत असतो, आणि फोन करणाऱ्याला तारीख त्याच मिनिटाला बदलून हवी असते.